तानुबाईची सरी

पडद्यावर सहावं चित्र आलं आणि मागच्या बाकावरून प्रणाली म्हणाली, "मॅडम, हे तं सरी हाय. माह्या आजीच्या गयात हाय अशीच." वर्ग हसला. गीतांजलीही हसली, कारण वर्ग हसला की शिकवणाऱ्यानं थोडं हसून घ्यायचं असतं, नाहीतर उरलेला तास जड जातो. अमरावतीत बावीस वर्षं चित्रकलेच्या पोरांना कलेचा इतिहास शिकवून एवढी अक्कल तिला आली होती. बाहेर डिसेंबरातलं ऊन होतं आणि आत पडदे ओढून केलेल्या अंधारात ती केल्ट लोकांचे दागिने दाखवत होती. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी युरोपात दूरवर पसरलेले हे लोक गळ्यात एक ताठ कडं घालत. त्याला टॉर्क म्हणतात, असं तिनं फळ्यावर लिहिलं होतं. सोन्याच्या नाहीतर कांस्याच्या तारा दोरासारख्या पिळायच्या, वाकवून गोल करायच्या, टोकांना जाड गोंडे बसवायचे. ते गोंडे गळ्यापुढं समोरासमोर येतात आणि मधे बोटभर फट राहते. "सरीच म्हणा," ती प्रणालीला म्हणाली, "फक्त हिचं तोंड पुढं आणि आपल्या सरीचं मागं." हे म्हणताना तिचा हात स्वतःच्या मानेमागं गेला आणि तिनं तो घाईनं खाली घेतला. पुढचं चित्र तोडलेल्या टॉर्कचं होतं. पीळ मधेच कापलेला, कापलेलं टोक चपटं आणि चकचकीत, अडीच हजार वर्षं मातीत राहूनही जणू आत्ताच करवत फिरली असावी. "ही काहून तोडली?" प्रणालीनंच विचारलं. याचं उत्तर टिपणात होतं आणि पाठही होतं: जमिनीत पुरताना, बहुधा देवाला वाहताना, काही कडी मुद्दाम तोडत असावेत, नक्की कोणालाच ठाऊक नाही. दरवर्षी ती हे एका दमात सांगायची. या वेळी ती "मला माहीत नाही" एवढंच म्हणाली आणि तास संपायला वीस मिनिटं असताना तिनं दिवे लावले.

स्टाफरूममध्ये येऊन ती पाणी प्यायली, आणखी एक पेला प्यायली. सरी काय फक्त तिच्याच आईच्या गळ्यात होती का, असं तिनं स्वतःला बजावलं. वऱ्हाडात कितीतरी म्हाताऱ्यांच्या गळ्यात चांदीची सरी असते, करंगळीएवढी जाड, आणि त्यात नवल असं काही नाही. पण तिच्या आईच्या, तानुबाईच्या, गळ्यातली सरी साठ वर्षं निघाली नव्हती. तेल्हाऱ्याची ही पोर पंधराव्या वर्षी लग्न होऊन अकोल्याच्या वेशीवर मोर्णा नदीकाठच्या माळ्याच्या घरात आली, तेव्हा सासूनं सरी घातली आणि सोनारानं मागचं तोंड ठोकून बंद केलं. पुढं मान भरली, चांदी कडक झाली, आणि सरी अंगाचाच भाग होऊन गेली. तानुबाई अंघोळीला सरीखाली बोट घालून मान चोळायची, वांग्यांची पाटी उचलताना ती सरी खांद्यावर टेकायची, आणि लहानपणी गीतांजली तिच्या मांडीवर झोपली की गालाला प्रथम ते थंडगार लागायचं आणि मग मागून आईच्या अंगाची ऊब यायची. त्या घरात सरी निघायची ती एकदाच. माणूस गेलं की न्हाऊ घालायच्या आधी सोनाराला बोलावणं जायचं, तो येऊन सरी तोडायचा, आणि ती लेकीला द्यायची. तोडायचा हाच शब्द होता. जित्या माणसाच्या गळ्याला सोनाराची करवत लागत नसे, आणि हे कोणी कोणाला शिकवलंही नव्हतं. गीतांजली नऊ वर्षांची असताना आजी गेली, तेव्हा अंगणात तिनं तो करकर आवाज ऐकला होता आणि कानांत बोटं घालून ती वांग्याच्या वाफ्यांत पळाली होती. आईनं तिला तिथून हुडकून आणलं आणि गालावरची माती पुसत म्हणाली होती की आजीला आता दुखत नाही.

तेवढ्यात ओमप्रकाशचा फोन आला. ओमप्रकाश तिचा मोठा भाऊ. वडिलांच्या मागं तोच मळा बघतो, आणि आईही त्याच्याकडेच. त्याच्या फोनची एक रीत आहे, मुद्द्याचं सगळ्यात शेवटी सांगायचं. आधी त्यानं फुलकोबीची कथा लावली, मग थंडीची, मग म्हणाला, पहाटे वाफ्यांना पाणी देणारी सरी फुटली आणि सगळं पाणी मेथीत शिरलं. गीतांजलीचं अर्धं लक्ष होतं. कोणी तोडली, असं तिनं विचारलं. म्हणजे तसं विचारायचं काही कारण नव्हतं, शब्द नुसता तोंडातून निघाला. ओमप्रकाश हसायला लागला. "काय व गीता, अमरावतीत राहून माळ्याची पोरगी हायेस हेच भुलली तू. सरी कोनी तोडते काय? पानी तोडतेत, सरी फोडतेत. आन् कोनी फोडली नाई, उंदरानं बीळ केलं." मग त्यानं मुद्द्याचं सांगितलं. आईला बोलायला शिकवणाऱ्या बाई आता येणार नाहीत. म्हणाल्या, जिभेत दोष उरलेला नाही, शब्द आहेत, पण आजी तोंडच उघडत नाहीत. त्यांनाच बोलायचं नसेल तर मी भिंतीला किती शिकवू. आणि आता नाही बोलली तर पुढं ते शब्दही जातील, असंही म्हणाल्या. ओमप्रकाशनं विचारलं की तू एकदा येऊन समजावशील का, तुझं ती ऐकते. गीतांजली रविवारी येते म्हणाली.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तानुबाई मळ्यात कोथिंबीर खुडता खुडता कलंडली. अकोल्याच्या एका दवाखान्यात नेलं, उजवी बाजू गेली होती, वाचा अडकली होती, डोक्याची तपासणी ताबडतोब करायची होती, आणि त्या यंत्रात धातू चालत नाही. कानातलं निघालं, बोटातली अंगठी निघाली, सरी निघेना. नर्स घड्याळ बघत होती, कागद घेऊन ओमप्रकाश खाली धावला होता, आणि गीतांजलीनं फोन करून भगवंतभाऊंना बोलावलं. भगवंतभाऊ म्हणजे घरचे सोनार, आजीची सरी त्यांच्याच वडिलांनी तोडलेली. ते बारीक करवत आणि चामड्याचा तुकडा घेऊन आले, चामडं सरीखाली सरकवलं, आणि करवत लावायच्या आधी त्यांनी तानुबाईच्या पायांना हात लावला. तानुबाईचे डोळे उघडे होते. तिनं डाव्या हातानं गीतांजलीचं मनगट धरलं आणि जड जिभेनं, तुटक, पण अक्षर अक्षर लावून म्हणाली, "सरी... तोडू नोको." भगवंतभाऊंचा हात थांबला. त्यांनी विचारलं, ताई, माय काय म्हणून राहिली? आणि गीतांजली म्हणाली, वावरातलं बोलून राहिली, पाण्याचं. मग आईकडे वाकून, लहान पोराला समजावतात त्या आवाजात म्हणाली, "नाही तोडत, माय. पानी बराबर चालू हाय." आईच्या मुठीचा जोर गेला. तिनं विश्वास ठेवला. डोकं उशीवर टेकलं, मान सैल सोडली, आणि त्याच क्षणी, त्याच सैल सोडलेल्या मानेवर करवत सुरू झाली. तो आवाज कानाशीच होता. तानुबाईनं डोळे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत.

सरी कापणं चुकीचं नव्हतं. हे सगळेच म्हणाले, डॉक्टर म्हणाले, ओमप्रकाश म्हणाला, गीतांजलीचा नवरा मनोज तर दहा वेळा म्हणाला. तपासणी झाली, वेळेत औषध मिळालं, म्हातारी वाचली. त्याबद्दल तिच्या मनाला कधी टोचणी लागली नाही. टोचणी दुसऱ्याच गोष्टीची होती आणि तिच्यावर तिनं फार छान झाकण घातलं होतं. झाकण म्हणजे ती गंमत. घरी आणल्यावर आठव्या दिवशी आईनं ओमप्रकाशला विचारलं होतं, "मी मेली होती काय रे?" तो घाबरला, त्यानं बहिणीला विचारलं, आणि मग त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला, वडिलांच्या नावानं घागर भरून सगळी जेवायला बसली असताना, गीतांजलीनं सगळ्यांसमोर उलगडा केला. अहो, ती म्हणत होती सरी, आणि मला वाटलं वावरातली सरी! जीभ जड, शब्द कळेना, मी म्हटलं पाणी चालू आहे काळजी नको! वाढता वाढता वहिनी हसली, चुलते हसले, मनोजनं तर ती गंमत पुढं अमरावतीत चार जणांना सांगितली. दारातल्या बाजेवर बसलेली तानुबाई हसली नाही. ती एकेका तोंडाकडे बघत होती. त्या दिवसापर्यंत ती मोडकंतोडकं बोलायची, पाणी मागायची, नातवंडांना हाक मारायची, शिव्याही द्यायची. त्या दिवशी ती गप्प झाली ती आजपर्यंत. आपल्या तोंडातून शब्द नीट निघतच नाहीत, आपण एक म्हणतो आणि लोकांना दुसरं ऐकू जातं, पोटच्या पोरीलाही, असं तिला कळलं होतं. म्हणजे, तसं तिला कळवलं गेलं होतं.

आणि ते खरं नव्हतं. सरी कोणी तोडत नाही, फोडतात. पाणी तोडतात, वाफा भरला की दुसरीकडं वळवतात. ज्या घरात जन्मापासून हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी आले नाहीत, त्या घरातली पोरगी "तोडू नको" ऐकून वावरात कशी जाईल? ती वावरात गेलीच नव्हती. तिला पहिल्या अक्षरालाच कळलं होतं. नऊ वर्षांची होऊन तिनं अंगणातला आवाजही ऐकला होता, त्या अर्ध्या क्षणात. पण नर्स घड्याळ बघत होती, आणि आईला समजावून सांगायला, माय तू मेली नाहीस, तू जगावं म्हणूनच हे करते आहे, एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं, आणि आई नाही म्हणाली असती तर? म्हणून दुसरा अर्थ हाताशी होता तो तिनं उचलला. शब्दही असा सोयीचा! तिच्या वर्गात ती पोरांना केल्ट कारागिरांची वेलबुट्टी दाखवते: वळणं, वेटोळी, पानं, आणि नीट बघत राहिलं तर त्यातून एक चेहरा आपल्याकडे बघत असतो, मान जरा तिरकी केली की पुन्हा नुसती वेल. पोरं मान इकडून तिकडे करून हसतात. तिनं तशीच मान तिरकी केली होती. आणि नंतर तर गंमत सांगून सांगून तिला स्वतःलाच चेहरा दिसेनासा झाला होता. खोटारडी, असं ती स्टाफरूममध्ये स्वतःलाच म्हणाली. मोठ्यानं म्हणाली की काय, असं वाटून तिनं वळून पाहिलं, पण तिथं कोणी नव्हतं.

सरी भगवंतभाऊंकडे सांधायला दिली आहे, असंही तिनंच माहेरी सांगितलं होतं. ती अमरावतीतच होती, तिच्या कपाटात, भगवंतभाऊंनी ज्या निळ्या रुमालात बांधून दिली त्याच रुमालात. सांधून आणायची तर पुन्हा आईच्या गळ्याशी जावं लागलं असतं. तिनं पावणेदोन वर्षांत रुमाल एकदाही सोडला नव्हता. शनिवारी सोडला. चांदी काळी पडली होती. एकाच जागी काप होता, आणि काढताना ताणल्यामुळं सरी उघडी पडली होती. टोकं एकमेकांपासून चार बोटं लांब. काप तेवढा अजून पांढरा होता. तिनं बोट फिरवलं तर कडा लागली. मनोजनं दारातून विचारलं की शेवटी देतेस का सांधायला, आणि ती हो म्हणाली. खोटं बोलायची जिभेला इतकी सवय होते की विचारायच्या आधीच ती उत्तर देऊन मोकळी होते.

रविवारी सकाळच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, शेजारची बाई अंबाडीच्या जुड्या पायात घेऊन झोपली. गीतांजली मनात वाक्यं जुळवत होती. माय, तेव्हा घाई होती. खोडलं. माय, मी घाबरली होती. हे खरं होतं, पण तेही खोडलं, कारण घाबरल्याचं पहिलं सांगितलं की आई लगेच तिच्याच डोक्यावरून हात फिरवायला निघेल आणि सांगायचं ते राहून जाईल. एवढ्या वर्षांत आईकडून मिळणारी माफी तिनं गृहीत धरली होती, भाजीवर मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखी. रोमन शिल्पकारांनी घडवलेला एका पडलेल्या केल्ट योद्ध्याचा संगमरवरी पुतळा ती दरवर्षी दाखवते: अंगावर चिंधी नाही, कुशीत जखम, हाताच्या आधारानं कसाबसा बसलाय, मान खाली, आणि गळ्यात फक्त ते कडं. तो हरला आहे, मरतो आहे, पण कडं कोणी काढलेलं नाही, हे ती पोरांना मुद्दाम दाखवायची, शत्रूच्या शिल्पकारानंही ते ठेवलं म्हणून. शत्रूनंही, असं तिच्या मनात पुन्हा आलं आणि तिनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर वेचून झालेल्या कपाशीचं रान सुरू झालं होतं. मूर्तिजापूरच्या पुढं कधीतरी तिला वाटलं की न बोलताच परतावं, वहिनीच्या हातची पाटवडी खाऊन, आईला जरा समजावल्यासारखं करून. कोणालाही काही कळणार नाही. हे तिला खरंच वाटलं, आणि चांगली दहा मिनिटं वाटत राहिलं.

मळ्यात आईची बाज उन्हात टाकली होती, मेथीच्या वाफ्याच्या कडेला. ओमप्रकाश पलीकडं फावडं घेऊन पाणी वळवत होता, उंदरानं फोडलेली सरी त्यानं चिखलानं लिंपून घेतली होती. तानुबाई उशीला टेकून बसलेली. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. गळ्याभोवती अजून ती फिकट पट्टी होती, साठ वर्षं ऊन न लागलेल्या कातडीची, आणि डावा हात मधूनच तिथं जाऊन रिकामाच खाली येत होता. गीतांजली बाजेच्या कडेला बसली. बाईंनी यायचं का बंद केलं, याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिनं पिशवीतून रुमाल काढला आणि आईच्या मांडीवर सोडला. तानुबाई सरीकडे बघत राहिली. मग पोरीकडे.

"सरी भगवंतभाऊंकडे नव्हती. माह्याजवयच होती," गीतांजली म्हणाली. "माय, तू दवाखान्यात बराबर बोलली होती. मले समजलं होतं. वावरातली सरी म्हनून मी खोटं सांगतलं, त्यायले बी आन् तुले बी. तुह्या बोलन्यात काई चूक नव्हती." अजून काहीतरी बोलायचं होतं, एसटीत जुळवलेलं, पण त्यातलं काही आठवलं नाही. ती रडली नाही; रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. तानुबाईच्या तोंडावर काही उमटलं नाही. मग तिनं डाव्या हातानं सरी उचलली. गीतांजलीला वाटलं गळ्यात घालायची आहे, म्हणून ती मदतीला पुढं वाकली, आणि आईनं ते उघडं कडं तिच्याच मानेत सरकवलं. एका हातानं ते नीट बसेना. आईनं ते फिरवलं, कापाचं तोंड मागं नेलं, जिथं असायचं तिथं, आणि तळहातानं दाबून बघितलं. एकट्या म्हाताऱ्या हाताला साठ वर्षांची चांदी काय वाकणार? कापाचं एक टोक गीतांजलीच्या मानेत रुतलं. ती हलली नाही. मेलेल्या आईची सरी लेकीला देतात, ही त्या घराची रीत, आणि देणारी तर समोर उन्हात बसलेली. हे देणं होतं की परत करणं, हे तिला कळेना.

तानुबाईनं तिच्या मनगटाला धरलं, तसंच, त्याच हातानं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "तोडू... नोको," ती म्हणाली. आणि पोरीच्या तोंडाकडे बघत वाट बघू लागली. पावणेदोन वर्षांपूर्वीचं उत्तर आपसूक गीतांजलीच्या जिभेवर आलं, शब्द न् शब्द तेच, त्याच मऊ आवाजात, आणि तिनं ते गिळलं. गिळताना गळ्याला सरी लागली. "आईकलं, माय," ती म्हणाली.

आईनं मनगट सोडलं नाही, नुसती मान वळवली. मेथीचा वाफा काठोकाठ भरला होता आणि पाणी पलीकडं सांडायच्या बेतात होतं. साठ वर्षं पाणी दिलेल्या डोळ्याला ते आधी दिसणारच. "ओम," तिनं हाक मारली, बसलेल्या, घोगऱ्या, पण मळाभर ऐकू जाईल अशा आवाजात, "पानी तोड." ओमप्रकाश फावडं हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिला, आणि पाणी मेथीत शिरत राहिलं.